टनाटनाचा हिशेब: उत्सर्जन कपातीवर वाचकांचे प्रश्न

कार्बनची किंमत, परवाने, क्रेडिट यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत. टन म्हणजे मेट्रिक टन, युनिट म्हणजे किलोवॅट-तास, परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याची, विकता येणारी मुभा. ‘धूर’ म्हटले की बहुतेक ठिकाणी हाच वायू समजावा. हिशेबाची उदाहरणे डॉलरमध्ये आहेत.

प्रश्न: टनाला 50 डॉलर कार्बन कर लागला, तर पेट्रोल आणि वीज नेमकी किती महागेल? लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो तरी कसा?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. पेट्रोलच्या वजनात सुमारे 86 टक्के कार्बन असतो, म्हणजे लिटरमागे 0.64 किलोच्या आसपास. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनचे अणुभार 12, कार्बन डायऑक्साइडचे रेणुभार 44. म्हणून 0.64 ला 44 ने गुणून 12 ने भागायचे, की 2.3 किलो येतात. वाढलेले वजन सगळे हवेतले आहे. डिझेल जास्त घन असल्यामुळे तिथे लिटरला सुमारे 2.7 किलो पडतात.

आता कर. टनाला 50 डॉलर म्हणजे किलोला 5 सेंट. पेट्रोल लिटरमागे साधारण साडेअकरा सेंटने महागेल, डिझेल साडेतेराने. विजेचे गणित केंद्रावर अवलंबून असते. कोळशाचे केंद्र युनिटमागे साधारण 0.95 किलो सोडते, जुने असेल तर किलोभर किंवा त्याहून जास्त. चांगले संयुक्त-चक्र वायुकेंद्र, म्हणजे नैसर्गिक वायू जाळून उरलेल्या उष्णतेवरही वीज काढणारे केंद्र, 0.37 किलोवर भागवते. म्हणजे कोळशाची वीज पावणेपाच सेंटने महाग आणि वायूची पावणेदोनच्या थोडी वर.

कराचा खरा परिणाम या दोन आकड्यांतल्या फरकात आहे. पेट्रोल बारा सेंटने महागले म्हणून कोणी उद्या गाडी विकत नाही. ऑफिस तिथेच असते, गाडी तीच असते. वीजजाळे चालवणारा मात्र दर अर्ध्या तासाला स्वस्त केंद्र आधी आणि महाग केंद्र नंतर अशा क्रमाने लावतो, आणि तो क्रम एका रात्रीत उलटा होऊ शकतो. समजा कोळशाच्या विजेचा इंधनखर्च मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, 25 डॉलर आहे आणि वायूचा 42. फरक 17 डॉलर. उत्सर्जनातला फरक 0.95 वजा 0.37, म्हणजे 0.58 टन. 17 भागिले 0.58 केले की 29 डॉलर येतात. कर 28 असेल तर काहीच हलत नाही, 30 झाला की कोळशाची केंद्रे मागे सरकतात. वायू महागला की हा उंबरठाही वर जातो. त्यामुळे ‘किती कर लावला की किती टन घटेल’ याचे एकच उत्तर कोणी देत असेल, तर त्याने वायूचा कोणता भाव धरला आहे ते आधी विचारा.

ब्रिटनने 2013 मध्ये युरोपीय परवान्याच्या भावावर स्वतःचा अधिभार बसवला आणि पुढे तो टनाला 18 पौंडांवर नेला. 2012 मध्ये तिथल्या विजेत कोळशाचा वाटा सुमारे 40 टक्के होता, 2018 मध्ये तो 5 टक्क्यांच्या आसपास उरला. 30 सप्टेंबर 2024 रोजी शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. श्रेय सगळे कराला देणे बरोबर नाही, कारण प्रदूषणाचे नियम आणि पवनऊर्जाही सोबत होती. पण वायूची केंद्रे आधीच उभी होती, हे महत्त्वाचे. पर्याय तयार असेल तिथे किंमत झपाट्याने काम करते. नसेल तिथे ती फक्त वसूल होते.

जाता जाता वसुलीबद्दल: हा कर लाखो धुराड्यांवर मोजत बसायचे कारण नाही. खाण, बंदर आणि रिफायनरी या थोड्या ठिकाणी इंधनातला कार्बन मोजला की काम होते. चुका परताव्यात होतात. निर्यात झालेले इंधन आणि प्लॅस्टिकसाठी कच्चा माल म्हणून गेलेला, न जळलेला नाफ्था यांचा कर परत द्यावा लागतो. तो नियम ढिला राहिला तर गळतीला तिथूनच सुरुवात होते.

प्रश्न: युरोपात सुरुवातीला वीज कंपन्यांना परवाने फुकट वाटले. खर्च शून्य असताना विजेचे दर का वाढले? ही फसवणूक नव्हे का?

राग समजण्यासारखा आहे, पण हिशेबात फसवणूक नव्हती. कंपनीकडे एक परवाना आहे आणि बाजारात त्याला 20 युरो मिळताहेत असे समजा. तो जाळला, म्हणजे त्याच्या आधारावर एक टन धूर सोडला, की विकून मिळणारे 20 युरो गेले. म्हणून परवाना फुकट मिळालेला असो की लिलावात घेतलेला असो, ती वीज विकताना 20 युरो भावात धरणारच. घर वडिलोपार्जित असले म्हणून भाडे कमी घेणारे घरमालक किती असतात?

चूक वाटपात होती. दर वाढला, तो पैसा सरकारकडे न जाता थेट कंपन्यांच्या नफ्यात गेला. म्हणूनच 2013 पासून युरोपीय संघाने वीज उत्पादकांसाठी लिलाव हा नियम केला, काही गरीब सदस्य देशांना तात्पुरती सूट ठेवून. पोलाद-सिमेंटला फुकट परवाने चालूच राहिले, कारण तिथे माल बाहेरून येण्याची भीती आहे. त्यावर पुढे येऊच.

प्रश्न: कर चांगला की मर्यादा घालून परवान्यांचा व्यापार?

अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी 1974 मध्ये या वादाची चौकट आखून दिली आणि ती अजून टिकून आहे. कर लावला की किंमत नक्की असते, उत्सर्जन किती होईल ते नंतर कळते. मर्यादा घातली, म्हणजे परवान्यांची एकूण संख्या ठरवली, की उत्सर्जन नक्की, किंमत किती होईल ते बाजार सांगतो. थोडे जास्त उत्सर्जन झाल्याने नुकसान एकदम उसळणार असेल तर मर्यादा बरी. कपातीचा खर्च एकदम उसळण्याचा धोका मोठा असेल तर कर बरा. कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे साचत जातो, एखाद्या वर्षातल्या थोड्या फरकाने आभाळ कोसळत नाही. त्यामुळे कागदावर पारडे कराकडे झुकते.

व्यवहारात दोन्हींचे बारकावे त्यांच्या नावांपेक्षा जास्त ठरवतात. युरोपची व्यवस्था 2005 मध्ये सुरू झाली तेव्हा कोण किती सोडतो याची तपासलेली आकडेवारीच नव्हती, कंपन्यांच्या अंदाजावर परवाने वाटले गेले. अर्थात अंदाज फुगलेले होते. एप्रिल 2006 मध्ये पहिले तपासलेले आकडे आले आणि 30 युरोंच्या आसपासचा भाव काही दिवसांत निम्म्यावर आला. त्यात आणखी एक गाठ होती: पहिल्या टप्प्यातले परवाने दुसऱ्या टप्प्यात वापरता येणार नव्हते. वर्षअखेर रद्द होणाऱ्या तिकिटाला काय किंमत? 2007 संपेपर्यंत भाव सेंटांत उरला.

पुढे साठवणूक खुली केली, तर 2008 नंतरच्या मंदीत शिल्लक परवान्यांचा डोंगर उभा राहिला. त्यावर 2019 पासून राखीव साठ्याची व्यवस्था आली. बाजारातले शिल्लक परवाने 83.3 कोटींच्या बऱ्याच वर असतील, तर वर्षाला त्यांतले 24 टक्के लिलावातून वगळायचे. फेब्रुवारी 2023 मध्ये भावाने 100 युरोंचा टप्पा ओलांडला.

आमच्या मते कॅलिफोर्नियाची रचना याहून साधी आणि शहाणी आहे. तिथे लिलावात किमान बोली ठरलेली असते, 10 डॉलरपासून सुरू झालेली आणि दरवर्षी महागाई अधिक 5 टक्क्यांनी वाढणारी. त्याखाली परवाने विकलेच जात नाहीत. वरच्या बाजूलाही भाव रोखण्याची सोय आहे. हा धड कर नाही आणि धड मर्यादाही नाही, म्हणूनच तो चालतो.

प्रश्न: कार्बन क्रेडिट विकत घेऊन कंपनी ‘नेट झिरो’ (निव्वळ शून्य उत्सर्जनाची) झाली, हे कितपत खरे मानावे?

क्रेडिट म्हणजे ‘जे घडले नाही’ त्याची पावती. अमुक प्रकल्प नसता तर शंभर टन धूर निघाला असता, आता साठच निघाला, म्हणून चाळीस क्रेडिट. साठ मोजता येतात. शंभर हा अंदाज आहे, आणि तो फुगवण्यात विकणारा आणि विकत घेणारा दोघांचाही फायदा आहे. साध्या बाजारात ग्राहक माल कमी भरला तर भांडतो. इथे कमी भरलेल्या मापाबद्दल तक्रार करणारा समोर कोणीच नसतो.

एक प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. एचसीएफसी-22 हा शीतक वायू बनवताना एचएफसी-23 नावाचा उपपदार्थ निघतो, वजनाने साधारण 3 टक्के. क्योटो करारांतर्गत स्वच्छ विकास यंत्रणेत (विकसनशील देशांतल्या कपातीची क्रेडिट श्रीमंत देशांना विकण्याची सोय) त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 11,700 पट धरली होती. म्हणजे एक टन शीतक बनवला की 30 किलो उपपदार्थ, तो भट्टीत जाळून नष्ट केला की 0.03 गुणिले 11,700, म्हणजे 351 क्रेडिट. क्रेडिटला 10 डॉलर जरी धरले तरी 3,510 डॉलर. एवढा पैसा मूळ शीतक विकूनही मिळत नव्हता आणि जाळण्याचा खर्च क्रेडिटमागे एका डॉलरच्याही आत होता. मग कारखान्याने काय करावे? शीतकाला गिऱ्हाईक असो वा नसो, उत्पादन क्रेडिटच्या मर्यादेपर्यंत चालू ठेवावे आणि उपपदार्थाचे प्रमाण कमी करणारी सुधारणा टाळावी. काही ठिकाणी नेमके हेच घडत असल्याच्या खुणा आकडेवारीत दिसल्या. 1 मे 2013 पासून युरोपीय संघाने आपल्या व्यवस्थेत ही क्रेडिट घेणे बंद केले. भट्टी बसवा असा साधा नियम करून तिचा खर्च थेट दिला असता, तर हेच काम फार थोड्या पैशांत झाले असते.

क्रेडिट घेणाऱ्याने प्रकल्पाचा अहवाल हाती घ्यावा आणि सगळ्यात आधी आधाररेषेचे, म्हणजे ‘प्रकल्प नसता तर’ या अंदाजाचे, पान उघडावे. तुलना कशाशी केली आहे? क्रेडिटचा पैसा नसता तरी प्रकल्प फायद्यात होता का? पवनचक्कीच्या प्रकल्पात क्रेडिटचा वाटा एकूण उत्पन्नाच्या दोन-चार टक्के दिसला, तर ती त्यावाचूनही उभी राहिलीच असती असे समजावे. जंगलाच्या प्रकल्पात तोड शेजारच्या डोंगरावर सरकली का, आणि वणवा लागला तर भरपाईसाठी राखीव क्रेडिट किती टक्के ठेवले आहेत, ते पाहावे. कोळसा जाळून हवेत गेलेला कार्बन शतकानुशतके राहतो, आणि त्याच्या बदल्यात दाखवलेले झाड तीस वर्षांच्या कराराचे असते. या दोन टनांची बरोबरी होत नाही.

प्रश्न: कार्बन कराचा बोजा गरिबांवरच पडतो ना?

उत्पन्नाच्या टक्केवारीत पाहिले तर बहुतेक श्रीमंत देशांत हो. रकमेत पाहिले तर नाही, आणि उपाय याच फटीत आहे.

तीन घरे घ्या. वर्षाला पहिल्याचा धूर 4 टन, दुसऱ्याचा 8, तिसऱ्याचा 20. टनाला 50 डॉलर कर, म्हणजे 200, 400 आणि 1,000, जमा 1,600. ही रक्कम तिघांत सारखी वाटली तर प्रत्येकी 533. पहिले घर 333 डॉलरने फायद्यात, दुसरे 133 ने, तिसरे 467 ने तोट्यात. आणि तरीही पहिल्या घराला एक टन वाचवला की 50 डॉलर वाचतातच, कारण परतावा धुराशी बांधलेला नाही. ‘पैसे परतच द्यायचे तर घेता कशाला’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हे.

एवढे सोपे असूनही योजना कोसळतात. फ्रान्समध्ये 2018 च्या अखेरीस इंधन करवाढीविरुद्ध पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले, आणि टनाला 44.60 युरोंवर पोहोचलेला कर तिथेच गोठवावा लागला. तिथे बहुतेक पैसा सरकारी तिजोरीत जात होता. कॅनडाने याउलट जवळजवळ सगळा पैसा घरांना परत दिला, तरीही 1 एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरचा इंधन आकार शून्यावर आणला गेला. कर दर आठवड्याला पेट्रोल पंपाच्या आकड्यात दिसायचा. परतावा तीन महिन्यांतून एकदा बँकेत गुपचूप जमा व्हायचा, आणि त्याच्या नावात सुरुवातीला ‘कार्बन’ हा शब्दही नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये परतावा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होतो, तिथेही अनेकांच्या तो लक्षातच येत नाही. सरासरीचा आणखी एक धोका: खेड्यात, थंडीत, डिझेलवर जगणारे गरीब घर सरासरीत फायद्याचे दिसते आणि प्रत्यक्षात तोट्यात असते. अशा घरांना वेगळी भर द्यावीच लागते.

प्रश्न: सूर्यप्रकाश फुकट, पॅनेल स्वस्त. तरी काही देशांत सौर वीज दुप्पट महाग का पडते?

व्याजामुळे. वायुकेंद्राचा मोठा खर्च इंधनाचा, तो वर्षे जातील तसा होत राहतो. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी. म्हणजे पंचवीस वर्षांची वीज तुम्ही आज उचललेल्या कर्जावर विकत घेता.

एक किलोवॅटला 1,000 डॉलर धरू, आयुष्य 25 वर्षे, वर्षातल्या एकूण तासांच्या 20 टक्के पूर्ण क्षमतेइतके उत्पादन. वर्षाला 1,752 युनिट. 4 टक्के व्याजाने वार्षिक हप्ता 64 डॉलर, म्हणजे युनिटला 3.65 सेंट. 10 टक्क्यांनी हप्ता 110, म्हणजे 6.3 सेंट. पॅनेल तेच, ऊन तेच, वीज 72 टक्क्यांनी महाग. तेवढ्याच किमतीचे वायुकेंद्र निम्मा वेळ चालले तर याच व्याजवाढीने त्याची वीज युनिटला साधारण 1 सेंटनेच महागते. उरलेला 1.6 सेंटांचा फरक कार्बन कराने भरून काढायचा म्हटला तर टनाला सुमारे 43 डॉलर लागतील. व्याजदर हे हवामान धोरणातले मोठे हत्यार आहे आणि त्यावर चर्चा फारच कमी होते.

व्याज उतरते ते सावकाराची भीती उतरली की. त्यासाठी फरक-करार वापरतात. ठरलेला दर मेगावॅट-तासाला 60 डॉलर असेल आणि बाजारात 45 मिळाले, तर सरकार 15 भरून देते. बाजार 80 वर गेला तर उत्पादक 20 परत करतो. उत्पन्न ठरलेले असल्याने कर्ज स्वस्त मिळते. बिघाड होतो तो विजेचा भाव उणे झाला की. करार निष्काळजीपणे लिहिलेला असेल, तर कोणाला नको असलेल्या तासाला उत्पादक पैसे देऊन वीज ढकलतो, कारण भरपाई हमखास आहे. म्हणून उणे भावाच्या तासांना भरपाई नाही, हे कलम करारात हवेच.

प्रश्न: ‘एक टन कार्बनचे नुकसान’ कोणी 51 डॉलर सांगतो, कोणी 190. एवढी तफावत?

दोन्ही आकडे अमेरिकी सरकारचे आहेत, पहिला 2021 मधला हंगामी आणि दुसरा 2023 मधला, पर्यावरण संस्थेचा. मधल्या काळात नुकसानीची प्रारूपे सुधारली हे खरे, पण मोठा वाटा वटाव दराचा आहे, म्हणजे उद्याचे नुकसान आज किती कमी मोजायचे याचा. पहिल्यात तो 3 टक्के होता, दुसऱ्यात 2. त्याच 2023 च्या अहवालात दर 2.5 धरला तर 120 डॉलर येतात आणि 1.5 धरला तर 340.

शंभर वर्षांनंतरचे एक लाखाचे नुकसान 1.4 टक्क्यांनी आज सुमारे 24,900 ठरते, साडेचार टक्क्यांनी फक्त 1,230 च्या आसपास. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या 2006 च्या अहवालात दर 1.4 होता: पुढची पिढी केवळ पुढची आहे म्हणून जवळजवळ काहीच वजावट नाही, तर 0.1; आणि ती आपल्यापेक्षा श्रीमंत असेल म्हणून 1.3. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी बाजारात भांडवलावर प्रत्यक्ष मिळणारा परतावा आधार धरला, म्हणून त्यांचा दर बराच वर आणि सुचवलेला कर बराच खाली. एक जण ‘काय धरावे’ सांगतो, दुसरा ‘लोक काय धरतात’ ते सांगतो. यातला निर्णय नैतिक आहे. तो दशांश चिन्हामागे लपवू नये, एवढेच.

प्रश्न: सिमेंट कारखाना शंभर टक्के सौर विजेवर चालवला तर?

फार थोडा फरक पडेल. धूर मुख्यतः दगडातून येतो. चुनखडी तापवली की 100 भाग वजनातून 56 भाग चुना उरतो आणि 44 भाग कार्बन डायऑक्साइड उडून जातो. एक टन क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट बनवतात त्या भट्टीतल्या गोळ्यांमध्ये, साधारण 650 किलो चुना असतो, म्हणजे केवळ रासायनिक क्रियेतून सुमारे 510 किलो. भट्टीच्या इंधनाचा धूर याशिवाय.

तातडीचा उपाय सिमेंटमधले क्लिंकर कमी करणे हा आहे. एका मिश्रणात 50 टक्के क्लिंकर, 30 टक्के भाजलेली चिकणमाती, 15 टक्के चुनखडी पूड आणि 5 टक्के जिप्सम असते. आता धोरणाची गंमत पाहा. फुकट परवाने टनभर क्लिंकरमागे दिले, तर क्लिंकर कमी करणाऱ्याचे परवानेही कमी होतात. टनभर सिमेंटमागे दिले, तर वाचलेले सगळे त्याच्या पदरात पडतात. युरोपने मापदंड क्लिंकरवर बांधला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, त्यातलाच प्रकार.

प्रश्न: युरोपची कार्बन सीमा-आकारणी नेमकी कशी मोजतात?

ही युरोपात बाहेरून येणाऱ्या मालातल्या धुरावरची आकारणी. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन एवढ्यांनाच ती लागू आहे. ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशांचा हिशेब सुरू झाला. वर्षाला 50 टनांच्या आतला आयातदार बहुतांशी सुटतो. वीज आणि हायड्रोजनला ही सूट नाही.

ढोबळ रीत अशी: मालातला धूर गुणिले युरोपीय परवान्याचा भाव, त्यातून मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बन किंमत वजा. टनभर पोलादात 2 टन धूर, भाव 80 युरो, मायदेशी टनाला 10 भरलेले, तर 2 गुणिले 70, म्हणजे 140. पण हा शेवटचा आकडा आहे, आजचा नव्हे. युरोपातल्या कारखान्यांचे फुकट परवाने जितके कमी होतील तितकीच आकारणी वाढत जाते: 2026 मध्ये 2.5 टक्के, 2030 मध्ये 48.5, 2034 मध्ये पूर्ण. म्हणून पहिल्या वर्षाचे बिल पाहून निश्चिंत होऊ नये.

निर्यातदारांची चूक बहुधा कागदांत होते. प्रत्यक्ष मोजमाप, तेही मान्यताप्राप्त पडताळणीसह, नसेल तर ठरवून दिलेले सरसकट आकडे लागतात, आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले असतात. स्वच्छ कारखान्याने मोजमाप केले नाही तर तो मळक्या कारखान्याचे बिल भरतो. निर्यातदारांची पळवाट वेगळी आहे: भंगारापासून बनलेले कमी धुराचे पोलाद युरोपला पाठवायचे आणि झोतभट्टीचे, जास्त धुराचे, दुसरीकडे. कागदावर धूर घटतो, धुराडे तेवढेच राहते.

प्रश्न: मिथेन तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट की 80 पट?

दोन्ही. शंभर वर्षांची सरासरी घेतली तर 27 ते 30, वीस वर्षांची घेतली तर 80 च्या थोडे वर. मिथेन सरासरी बारा वर्षांत हवेतून निघून जातो, म्हणून खिडकी लहान केली की आकडा फुगतो. प्रकल्प अहवालात पट किती धरली याआधी किती वर्षांची धरली ते वाचा. आणि दोन प्रकल्पांची तुलना करताना एकाचे वीस वर्षांचे आकडे दुसऱ्याच्या शंभर वर्षांच्या आकड्यांशेजारी मांडलेले दिसले, तर तो तक्ता परत पाठवा.